कमळचा ओवसा

४ ऑगस्ट

आले एकदाची! तीन महिन्यांची जिल्हा रुग्णालयातली पोस्टिंग. कॉलेजात एका सिझरसाठी आम्ही रेसिडेंट एकमेकींना कोपराने ढकलतो, आणि इथे ऑपरेशन थिएटरच्या दाराला दुपारी कुलूप. स्त्रीरोगतज्ज्ञ एकच — दिनानाथ सर. शांत माणूस. पहिल्याच भेटीत म्हणाले, "अमिषा, इथे हिरोगिरी नको. शंका आली की मुंबईला पाठवायचं."

म्हणजे तीन महिने मी पेशंट दुसऱ्यांच्या हवाली करायला शिकणार. छान आहे.

खोलीतल्या चादरीला दमट वास येतोय. थोडी रडले. उगाचच.

११ ऑगस्ट

पहिलं सिझर! सर समोर उभे राहिले आणि हात मागे बांधून घेतले. "कर. मी आहे." कॉलेजात दोन वर्षं नुसती आतडी बाजूला धरून उभी होते मी. मुलगा झाला, रडला. संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, जेवलीस का?

१६ ऑगस्ट

आज एक बाई दाखल झाली. कमळ. जवळच्याच आगरी वस्तीतली, सातवा संपत आलाय. पहाटे साडी रक्ताने भिजली म्हणून नवरा रिक्षातून घेऊन आला. दुखत नव्हतं अजिबात — तेव्हाच मला शंका आली. सोनोग्राफीत तेच निघालं. बाळाची वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावरच बसलीय. बाळाची वाटच अडलेली. पुन्हा कधीही रक्त जाऊ शकतं, आणि जाईल तेव्हा थोडं जाणार नाही.

याआधी दोनदा गेलंय तिचं. दोन्ही वेळा पिशवी साफ करावी लागली होती.

सर म्हणाले, मुंबईला पाठव. नवरा विनेश — उरणला बंदरात ट्रेलर चालवतो — मान हलवत राहिला. "मुंबईत तिच्यापाशी कोन र्‍हानार? मी गाडीवर, आई घरी." समजावलं, ओरडले पण. शेवटी सरांनी सगळं लिहून त्याची सही घेतली आणि कमळला इथेच ठेवलं. पूर्ण झोपून. घरी जायचं नाही, काही झालं तरी.

२० ऑगस्ट

कमळला भाऊ नाही, बहीण नाही, आईही गेली. दिवसभर छताकडे बघत पडलेली असते. आज राउंडला गेले तेव्हा पोटावर हात ठेवून म्हणाली, "आज लई लाथा मारतंय." तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात किंचित पुढे आहेत. मीही दहा मिनिटं तिथेच टेकले. कॉलेजात मी कुणाच्या खाटेवर बसलेय? आठवत नाही.

२५ ऑगस्ट

आज भांडण झालं. भांडण म्हणजे मीच भांडले.

कमळची सासू आली होती, आवडाबाई. वाळलेली, टणक बाई, बोलताना पदर खोचते. म्हणाली, गवरीच्या दिवशी कमळला घरी न्यायचं. ओवसा हाय तिचा.

मला कळेना. मग कळलं. नव्या सुनेने लग्नानंतरच्या पहिल्या गौरीपुढे पाच सुपं ओवाळायची. सुपात फळं, काकडी, नारळ, पानसुपारी. मग ती सुपं घरातल्या मोठ्यांना द्यायची, पाया पडायचं. हिचं पहिल्या वर्षी घरात सुतक होतं म्हणून राहिलं, दुसऱ्या वर्षी पोट गेलं म्हणून राहिलं. गेल्या वर्षीही तेच. "ओवसा र्‍हायला म्हनून तर टिकत न्हाय हिला," आवडाबाई म्हणाली. सरळ. पावसाबद्दल बोलावं तितकी सरळ.

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, तुमच्या सुपाचा आणि तिच्या पोटाचा काय संबंध? रिक्षात रक्त सुरू झालं तर ओवाळत बसणार आहात का? अख्खा वॉर्ड बघत होता. आवडाबाई डबा ठेवून निघून गेली.

मग कमळने हाक मारली. हळूच म्हणाली, "मॅडम, संबंध न्हाय ते मलापन म्हाईत हाय. बारावी झालेय मी. पन उद्या काय झालं तर त्या काय म्हनतील? ओवसा र्‍हायला, म्हनतील. आनि तो कोनी ठेवला? मी."

बाळाला वाचवायचं कसं ते पुस्तकात आहे. हे नाही.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. अर्धा स्टाफ सुट्टीवर. वॉर्डातल्या बायका सणाला घरी जायचं म्हणून रडवेल्या चेहऱ्याने डिस्चार्ज मागतात. हायवे मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांनी तुंबलाय म्हणे.

मला एक सुचलंय. सरांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तू इथे डॉक्टरकी शिकायला आलीयस की भिक्षुकी?" पण नाही म्हणाले नाहीत.

२९ ऑगस्ट

आवडाबाईंच्या घरी गेले. आधी माफी मागितली, मग म्हटलं कमळ येऊ शकत नाही, पण सुपं तिच्याकडे येऊ शकतात.

"गवर काय हास्पिटलात येते व्हय?"

त्यांनी चहा दिला. मग त्याच म्हणाल्या, गवर तेरड्याची असते, तिच्यातली एक फांदी आणली तर चालेल बहुतेक. शेजारच्या म्हातारीला विचारायला गेल्या. परत आल्या ते पदर खोचूनच. "चालतंय म्हनली."

१ सप्टेंबर

झाला ओवसा! खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर तेरड्याची फांदी उभी केली. कमळ झोपूनच. मी म्हटलं उठायचं नाही, तर आवडाबाईंनीच तिचा हात धरून पाची सुपं फिरवून घेतली. तिला पाया पडायला वाकू दिलं नाही, आवडाबाईंबरोबर आलेल्या म्हाताऱ्याच खाली वाकल्या आणि तिचं डोकं कुरवाळून गेल्या. एक सूप आवडाबाईंनी माझ्या हातात दिलं. "तुमीपन मोठ्याच." सव्वीस वर्षांची मी!

वॉर्डभर काकडी वाटली. सर दारात उभे राहून बघत होते. कमळच्या कपाळावर एवढं हळदकुंकू की नाकावर सांडलं. इथे आल्यापासून आज पहिल्यांदा मला खूप बरं वाटलं.

२ सप्टेंबर

लिहू का नको.

दुपारी गौरी विसर्जनाला निघाल्या, बाहेर बेंजो वाजत होता. सिस्टर धावत आली. कमळची गादी, खाट, खालची फरशी.

लगेच थिएटरमध्ये घेतलं. भूल देणारे डॉक्टर आरतीच्या कपड्यांत आले. पोट उघडल्यावर कळलं — वार नुसती खाली नव्हती, गर्भाशयाच्या भिंतीत रुतली होती. आधी दोनदा पिशवी साफ केली होती ना, तिथेच. सोनोग्राफीत दिसलं नव्हतं. सुटेना. सरांच्या तोंडून फक्त "क्लॅम्प" आणि "रक्त". गर्भाशय काढावं लागलं. मी समोर उभी राहून टाके बांधत होते.

कमळ वाचली.

मुलगी होती. ती थोडा वेळ होती.

३ सप्टेंबर

सर म्हणाले, घरी गेली असती तर कमळही गेली असती. खरंय. मग मला बरं का वाटत नाही?

५ सप्टेंबर

कमळ शुद्धीत आहे. आज टाके बघताना म्हणाली, "ओवसा केला नसता तर बरं झालं असतं, मॅडम."

मला वाटलं तिलाही आता ते सूप बाधलं असं वाटायला लागलंय. म्हटलं, कमळ, ओवशाने काही झालेलं नाही.

"ते न्हाय ओ. आतापर्यंत ओवसा र्‍हायला म्हनून जात हुतं. आता तर केला. तरी गेलं." मग भिंतीकडे तोंड केलं. "आता माझ्यातच खोट हाय म्हनतात. बाहेर बसून बोलत्यात, आयकू येतं."

तिच्याकडे एक निमित्त होतं. मूर्खपणाचं, पण तिच्या बाजूचं. ते मी हौसेने, वॉर्डभर काकडी वाटून काढून घेतलं.

८ सप्टेंबर

आवडाबाईंच्या माहेरचा कुणी काळूराम आलाय, विनेशच्या दुसऱ्या लग्नाचं बोलतोय. विनेश जिन्यात बसून असतो. मी त्याला सगळं समजावलं — वार, भिंत, आधीचं पिशवी साफ करणं. त्याने नीट ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे तिच्याच पोटात काय तरी हुतं ना?" जितकं खरं सांगावं तितकं ते तिच्याच अंगावर जातं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "नातेवाईक तापलेत. कागदावर आपलं सगळं चोख आहे, घाबरू नकोस. फक्त तू तोंड उघडू नकोस. तक्रार झाली तर तुझी पोस्टिंग लटकेल, परीक्षेला बसता येणार नाही." मायेने म्हणाले. ते चुकीचं काहीच बोलत नव्हते.

११ सप्टेंबर

कमळला घरी सोडलं. वॉर्डाच्या दारात आवडाबाईंनी मला अडवलं. कमळ होती, विनेश होता, तो काळूराम होता, सर माझ्या मागेच. "मॅडम, देवाला स्मरून सांगा. सुनेत खोट हाय का?"

मी म्हटलं, नाही. ऑपरेशनमध्ये चूक माझ्या हातून झाली.