पंधरा इंची मॅनहोल

४ जानेवारी, सकाळी ६.१०

नवी वही. सुरुवात कामांनी करतो. वय बावन्न, शिक्षण सातवी. स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आजअखेर: पाण्याचे टँकर ६१. उसाच्या ट्रॉल्या १४०, त्यातली एकही परत आलेली नाही. केंदूरच्या शाळेचं गेट, सतरा वर्षांत एकदाही कुरकुरलेलं नाही. हे घर, घराचा जिना, जिन्याचा कठडा. ज्या पलंगावर बसून लिहितोय तो पलंग. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही. काच धरली, बघितलं, केलं.

चहा ठेवताना फरहत खांद्यावरून डोकावली. म्हणाली, पोट राहिलं की लिहायचं. तेपण तुम्हीच केलंय, कुणी शिकवलं नाही. नोंद घेतलेली नाही.

आता मुद्दा. निमोण्याच्या रोहिदासशेठनी सहा टँकरची ऑर्डर दिलीय. पहिला पाडव्याच्या आत रस्त्यावर पाहिजे. अट एकच. म्हणाले, अयुबभाई, आतलं काम तुमच्याच हातचं. मागं दुसरीकडं केलं, तर विहिरीवरनं निघाला तवा भरलेला, गावात पोचला तवा निम्मा. रस्ता तेवढा भिजला.

पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीत पडदे बसवतात. ते आतून वेल्ड करायचे. आत जायला मॅनहोल एकच. तीन वर्षं नवा टँकर आला नव्हता, नुसत्या ट्रॉल्या. काल अंगणातल्या जुन्या टँकरमध्ये सहज उतरून बघितलं. पाय गेले. कंबर गेली. पुढं गेलं नाही.

मॅनहोल पंधरा इंच. परीघ ४७ इंच १ सूत, आठ सुतांचा एक इंच. पोट ४९ इंच ४ सूत. फरक २ इंच ३ सूत. मुदत दोन महिने. महिन्याला सव्वा इंचाच्याही आत. काम म्हणून बघितलं तर किरकोळ.

जास्मिन म्हणाली, अब्बा, मी उतरते ना. पोरीनं दौंडला आयटीआयची दोन वर्षं काढलीत. सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय, फ्रेमपण मीच केली. सांगितलं, सर्टिफिकेटनं वेल्डची बीड सरळ पडत नाही. तू खिडक्यांचे ग्रिल बघ.

६ जानेवारी

मॅनहोल पंधराच इंच का, असं फरहतनं विचारलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आज विचारलं. कारण शास्त्रीय आहे. तोंड लहान असलं की खड्ड्यात पाणी उसळून बाहेर येत नाही. अर्ध्या तालुक्यात हेच माप चालतं. कुठल्याही ड्रायव्हरचं झाकण कुठल्याही टँकरला बसतं, त्याला अयुबभाईचं झाकण म्हणतात.

चुलीपुढून अम्मी म्हणाली, कशाचं शास्त्र. पहिल्या टँकरच्या वेळी माझा तवा उचलून नेलास, त्याच्याभोवती खडू फिरवलास. दोन दिवस मी शेजारच्या तव्यावर रोट्या केल्या.

अम्मीचं वय झालंय. (तवा खरा. पण निवड माझी.)

७ जानेवारी

पर्सनल ट्रेनिंग लावलं. खताच्या दुकानावर माऊलीची जिम आहे. माऊली केंदूरचा, आधी कुस्ती खेळायचा, आता लोकांना खेळवतो. महिन्याला बारा दिवस, फक्त माझ्यासाठी एक तास. त्यानं मला आडवं पाडलं, पोटावर वही ठेवली आणि श्वास सोडायला लावला. तासभर. अयुबभाई, समदा सोडा, म्हणे. तुम्ही धरून ठेवताय. पोट आत न्हाई जात, वर सरकतंय.

बावन्न वर्षं फुकट केलेल्या गोष्टीचे आज पैसे भरले.

१२ जानेवारी

आज मशीन. दोरी ओढायचं मशीन बघितलं आणि हात लावायची इच्छा गेली. वेल्ड तीनच बाजूंनी. उडालेले थेंब तसेच, ग्राइंडर फिरवलेला नाही. वर रंग मारला की झालं. माऊलीला एकेक जागा बोट लावून दाखवली, चौदा निघाल्या. माऊली म्हणाला, मशीन नका तपासू, मशीन वढा.

असल्या वेल्डखाली मी डोकं घालणार नाही. मुलंबाळं आहेत.

१३ जानेवारी

माऊलीनं आहाराचा कागद दिला. सकाळी मोड आलेले मूग, रात्री सूप. कागदावर दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय. अशा माणसाच्या हाती शरीर द्यायचं?

१९ जानेवारी

निर्णय: मशीन स्वतः करणार. घरी. वजनाला ट्रकचे जुने ब्रेक ड्रम, ओढायला मोटरसायकलची चेन, चारही बाजूंनी वेल्ड. माऊलीकडं जाणं तात्पुरतं बंद. चार दिवस झालेत, आठ शिल्लक.

शिवाय वेल्डिंग करताना घाम येतो. घाम म्हणजे चरबीच.

१ फेब्रुवारी, दौंड

मेव्हण्याच्या मुलाची, मुजीबची, मंगनी. सकाळी एसटीनं निघालो तेव्हाच ठरवलेलं, फक्त सॅलड. पण बिर्याणीची डेग आली ती डाव्या कडेला फुगलेली. बुडाला टाका सुटला असणार. कारागीर म्हणून जवळ गेलो. जवळ गेल्यावर न खाणं म्हणजे मुजीबच्या बापाचा अपमान. दोनदा अपमान टाळला.

डेग दुरुस्त करून देतो म्हणालो. मुजीब म्हणाला, फुफाजी, आधी रिकामी तर होऊ द्या.

परतीच्या एसटीत दोघांच्या सीटवर कंडक्टरनं तिसरा बसवला नाही. हल्ली सीटच अरुंद करतात.

१४ फेब्रुवारी

मशीन तयार. सव्वीस दिवस लागले. ऐंशी किलो, हलत नाही, आवाज नाही, पंचवीस वर्षं बघायला नको. माऊली मुद्दाम बघायला आला, बोटानं वेल्ड चाचपले. मग विचारलं, वढलं का? म्हणालो, प्रायमर वाळतोय.

जास्मिननं वजनकाटा आणला. मशीन बनवता बनवता माझं सव्वा किलो वाढलंय. ते स्नायू आहेत.

१८ फेब्रुवारी

उद्यापासून रोजे. हा मुद्दा मी मुदत ठरवतानाच धरला होता. सकाळी सहापासून संध्याकाळी पावणेसातपर्यंत पाण्याचा थेंब नाही, असा डाएट माऊलीच्या बापानं तरी लिहिलाय का? तीस दिवसांत तीन इंच हिशेबानंच जातात. इफ्तारला फक्त खजूर आणि पाणी. लिहून ठेवतो: फक्त खजूर आणि पाणी.

२० फेब्रुवारी

खजूर, पाणी, आणि भजी. भजी जास्मिननं केली होती. पोर दिवसभर ग्रिल ओढते, तिचं मन मोडायचं कसं.

२७ फेब्रुवारी

पोट ४९ इंच ३ सूत. एक सूत उतरलं. सुरुवात झाली.

पहाटे सहरीला उठायचं म्हणजे अर्धवट झोपेत जेवायचं, त्यात किती खाल्लं ते मोजता येत नाही. त्यामुळं सहरी हिशेबात धरलेली नाही.

मशीनवर फरहतनं कुरडया वाळत घातल्यात. म्हणे, जागा उन्हात आहे आणि कुणी वापरत नाही. अम्मी चेन धरून उठते-बसते. म्हणाली, बेटा, गुडघ्यांना फार उपयोग झाला.

६ मार्च

पहिल्या टँकरचा सांगाडा उभा राहिला. पडदे आत टाके मारून धरलेत, तेही बाहेरून हात घालून. जास्मिननं पुन्हा विचारलं. अब्बा, पाडवा एकोणीसला. मी म्हणालो, रोहिदासशेठनी काम माझ्या हाताला दिलंय, माझ्या आडनावाला नाही. ती मॅनहोलवर हात ठेवून आत बघत राहिली बराच वेळ. मग ग्रिल घासायला गेली.

१० मार्च, दुपारी ४.००

पोट ४८ इंच २ सूत. अजून १ इंच १ सूत जास्त. पण लोखंड दबत नाही, मांस दबतं. आज उतरणार. पोट रिकामं असतानाच, अजानच्या आधी.

१० मार्च, संध्याकाळी ६.१२, टँकरच्या आत

उतरलो! वेल्डिंग रॉडच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितोय. हात वर केले, अंग सोडलं, आणि गेलं. शर्टाचं एक बटण वर राहिलं. बाहेर फरहतनं टाळ्या वाजवल्या. माऊलीच्या श्वासाला आणि मुगाला हे उत्तर. ब्लोअर चालू, बल्ब चालू. वीस वर्षांपूर्वी जसा वास यायचा तसाच वास.

संध्याकाळी ७.२०, आत

अजान आतून फार सुंदर ऐकू आली. रोजा इथंच सोडला. फरहतनं वरून खजूर दिला. मग पाणी. मग भजी. मग फरहतला इतका आनंद झालेला की तिनं खिम्याचं ताट दिलं. तेरा इंची ताट तिरकं न करताही मॅनहोलमधून आरामात उतरतं, ही माहिती नवी. अम्मीनं तव्यावरच्या चार रोट्या पाठवल्या. मॅनहोलच्या बरोबर मापाच्या. वरून एकेक सोडली तर सरळ खाली येते, कडेला लागत नाही.

काम उद्या. आज पाहणी. आता वर येतो.

संध्याकाळी ७.४५, निम्मा आत

उतरताना वजन मदतीला होतं. चढताना तेच विरोधात आहे. डोकं, हात, छाती बाहेर. बाकी आत. पुठ्ठा टँकरच्या पाठीवर ठेवून लिहितोय. नेमके याच वेळी रोहिदासशेठ काम बघायला आले. खालून ओरडले, अयुबभाई आत हायेत का बाहेर? जास्मिन म्हणाली, दोन्ही.

शेठ म्हणाले, भोक वाढवा की. वीस करा. म्हणालो, मी इथं असताना कटर जवळ आणायचा नाही. आणि मी इथं नसतानाही.

रस्त्यावर दोन जीपा थांबल्यात. त्यांना आमच्या तळेगावात दुसरं काही बघायला नाही.

१० मार्च, रात्री ९.१५, घरी

शेवटी जास्मिननं माऊलीला बोलावलं. तो टँकरवर चढला, माझ्यासमोर मांडी घालून बसला, जणू सत्यनारायणाला बसलाय. म्हणाला, अयुबभाई, श्वास सोडा. समदा. अजून हाय. अजून. ती जी वही पोटावर ठिवली व्हती ती आठवा. फरहतनं साबण लावला, जास्मिननं शेंगदाण्याचं तेल ओतलं, आणि मी बाटलीच्या बुचासारखा सुटलो. दोन बटणं आणि थोडी कातडी गेली.

उतरताना माऊली म्हणाला, हा पयलाच धडा व्हता. आठ दिवस अजून बाकी हायेत तुमचे.

११ मार्च

उशिरा उठलो, अंग दुखतंय. अंगणातून वेल्डिंगचा आवाज. जाऊन बघितलं तर मॅनहोलमधून निळा उजेड. फरहत म्हणाली, पोरगी साडेसहालाच उतरली. ती म्हणाली अब्बांना उठवू नका.

मी वरून आवाज दिला, कोण परवानगी दिली? आतून आवाज आला, एक मिनिट अब्बा, बीड अर्धवट सोडता येत नाही.

हे वाक्य माझं आहे. मीच शिकवलेलं असणार. मी खुर्ची मागवून टँकरजवळ बसलो. देखरेख लागते.

१५ मार्च

पहिल्या टँकरचं आतलं काम पूर्ण. टाकी काठोकाठ भरून अकरा तास उभी केली. खाली कोरडा कागद अंथरला होता. कागद कोरडा.

पाणी काढून आरसा आणि टॉर्च आत सोडला, एकेक बीड तपासली. काल चुका शोधल्या, आज शोधल्या. अजून सापडलेली नाही. उद्या चांगल्या उजेडात बघेन.

१७ मार्च

वजन जानेवारीत ९८ होतं, आज ९८.७. पोट ४९ इंच ४ सूत, म्हणजे जिथून निघालो तिथं बरोबर, एका सुताचाही फरक नाही. इतकं अचूक काम तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही.

पहिला टँकर आज रस्त्यावर गेला, पाडव्याच्या दोन दिवस आधी. रोहिदासशेठनी आत टॉर्च मारला, बोट फिरवलं, विचारलं, अयुबभाई, हात तुमचाच ना? मी म्हणालो, आमचा. पुढं बोलायची गरज नव्हती. पण ते हसले, त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार. मी माऊलीला सोडणार नाही.

मग शेठनी खुर्ची ओढली आणि उरलेल्या पाच टँकरचं बोलले. पाचही टाक्यांना वीस इंची मॅनहोल करायचं. रिंग, झाकण, सगळा खर्च त्यांचा. वर टँकरमागं सहा हजार माझ्या हातात. म्हणाले, म्हंजी तुम्हाला पण निवांत उतरता यील की, अयुबभाई. शेवटी हात तुमचा तो तुमचा.

चुलीपाशी गेलो. अम्मीचा तवा बघितला. वीस इंचांचा तवा आमच्या घरात नाही. म्हणालो, माप बदलणार नाही.

दुसऱ्या टँकरमधून जास्मिननं डोकं बाहेर काढलं, काच कपाळावर, नाकावर काजळी. म्हणाली, बरं केलंत अब्बा. मला पंधरा पुरतं. आणि पुन्हा आत गेली, कडेला न लागता.

तीस हजार होते. नाही म्हणालो.