चिमटीचा हात आणि माझं स्टूल

२ मार्च, सोमवार. सकाळी ८

ही वही डॉक्टरने दिली. रोज साखर मोजून लिहा, काय खाल्लं ते लिहा, आणि आजी, खरं लिहा, म्हणाला. माझी तिसरी झालीय, पण अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे. त्याची चिठ्ठी औषधवाल्यालाही लागत नाही.

आजची साखर १३८. खाल्लं: विशेष काही नाही.

आता साखरेत रोज लिहिण्यासारखं काय असतं? मी नातीचं लिहिणार.

नात बारा वर्षांची. इतकी सुकडी की मी तिला चिमटीच म्हणते. तिला बेसबॉलच्या टीममध्ये पिचर व्हायचंय. पिचर म्हणजे जी बॉल फेकते ती. गेल्या वर्षी कोचने परत पाठवली, हातात जोर नाही म्हणून. घरी आली, जेवली नाही आणि रडलीही नाही. रडली असती तर दोन शिव्या घालून गप्प करता आलं असतं. गप्प असलेल्या पोरीला काय करणार?

यंदाची ट्रायल १२ एप्रिलला. पिचरची जागा एकच, आणि पुढच्या वर्षी हिचं वय उलटतं. म्हणजे हुकलं की हुकलं.

कोच बाई चोवीस तास गळ्यात शिट्टी घालून असते, म्हणून मी तिला शिट्टी म्हणते. ती मोठ्या मुलींची टीम घेऊन महिनाभर बाहेरगावी चाललीय. जाताना एक कागद देऊन गेली. काय खायचं, किती झोपायचं, दिवसाआड तीस बॉल टाकायचे. सून नर्स, तिच्या शिफ्टा. मुलगा ट्रकवर, चार दिवसांनी उगवतो. राहिलं कोण?

कारखान्याच्या कँटीनला सव्वीस वर्षं दीडशे माणसं जेवू घातलीत मी. माझ्या हातचं खाऊन कोणी बारीक राहिलं नाही. एक मुकादम तर शेवटी दारातून आडवा निघायचा. एका पोरीचं काय घेऊन बसलात.

३ मार्च

कागदावर लिहिलंय दोन अंडी, एक केळं, एक ग्लास दूध. हे लिहिणाऱ्या बाईने आयुष्यात कोणाला वाढलेलं दिसत नाही. मी चार अंडी, तीन केळी, दोन ग्लास दिलं. चिमटीने दोन अंडी, एक केळं, एक ग्लास घेतलं आणि पोट भरलं म्हणाली. ही भाषा मला कळत नाही.

उरलेलं टाकायचं कसं? टाकलं नाही.

साखर १४४.

५ मार्च. संध्याकाळी

आज बॉलची प्रॅक्टिस. मागच्या अंगणात वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने आपल्या टेपनं दहादा मोजून अंतर आखून दिलं. टेप दीड मीटरची, माणूस दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं करणारा.

कागदावर लिहिलंय, घरी कोणीतरी समोर उकिडवं बसून झेल घ्यावा. बसले. बसायला काहीच अडचण आली नाही. उठणं हा वेगळा विषय आहे. एका बाजूने चिमटी, दुसऱ्या बाजूने शिंपी, असं मला उभं केलं. शिंपी म्हणाला, आजी, कपाट हलवल्यासारखं वाटलं. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोला आता हलकं वाटत असेल, जा घरी.

उकिडवं बसण्यात तसाही अर्थ नाही. बसून घेतलेला झेल तो झेलच. कँटीनला वाढताना मी ज्या उंच स्टुलावर बसायचे ते माळ्यावरून काढलं. तोंडाला पिठाची चाळण बांधली, पोटाला उशी. तीस बॉलपैकी चार झेलले. बाकीचे मुद्दाम सोडले, पोरीला आणायला धावावं लागतं, तेवढाच व्यायाम.

९ मार्च

आज एक बॉल खाली आला आणि माझ्या पायाच्या नळीवर बसला. सगळी आळी गोळा झाली. मी ओरडले नव्हते, फक्त मोठ्याने बोलले होते.

चिमटीला ठणकावून सांगितलं, बॉल इथे यायला पाहिजे, माझ्या छातीसमोर, जिथे ग्लोव्ह आहे तिथे. एक बोट खाली चालणार नाही. खाली आला तर एक ग्लास दूध जादा. पोरीला दुधाचा इतका धाक असेल असं वाटलं नव्हतं. पुढचे अकरा बॉल थेट ग्लोव्हमध्ये.

शिकवणं हे असं असतं. शिट्टी दोन वर्षं नुसती फुंकत होती.

१४ मार्च

तीसपैकी बावीस.

शिंपी खिडकीतून बघत असतो, गळ्यात टेप. आज म्हणाला, आजी, टीव्हीवर झेल घेणारा कॅचर एवढ्या उंचावर बसलेला दिसत नाही. म्हटलं, टीव्हीवर सगळेच लहान दिसतात. म्हणाला, माप चुकतंय हो. म्हटलं, गेल्या महिन्यात तू शिवलेल्या ब्लाऊजमध्ये माझा एकच हात जातोय, तू मला माप शिकवू नकोस.

खिडकी लावून घेतली त्याने. सत्य ऐकवत नाही लोकांना.

साखर १६३. मशीन जुनं झालंय.

२० मार्च

आज दोघींनी वजन केलं. सहा किलोमीटर पळूनही... नाही, ती पळते, मी स्टुलावर असते. खरं लिहायचं ठरलंय. चिमटी तीनशे ग्रॅम वाढली. मी अडीच किलो. झेल घेऊन घेऊन माझे दंड भरले असणार.

सून म्हणाली, आई, तुम्ही तिच्या ताटातलं खाताय का? मी म्हटलं, मी उरलेलं खाते, तिच्या ताटातलं नाही. नर्स झाली म्हणून काय झालं.

निश्चय: उद्यापासून तिच्यातलं काही खायचं नाही.

२१ मार्च

अर्धं केळं. अर्ध्याला केळं म्हणत नाहीत.

२७ मार्च

तीसपैकी तीस! हात हलवावा लागत नाही. दुसऱ्या हाताने मटार सोलून झाले आज. बॉलला वजन आलंय, ग्लोव्हमध्ये पडला की थाप अशी वाजते की शिंप्याची सुई थांबते.

चिमटी मात्र जरा घुम्यासारखी. विचारलं तर म्हणाली, खाटकाची मुलगी पण ट्रायलला येतेय, ती खूप जोरात टाकते. म्हटलं, तिच्या घरी रोज मटण असेल, पण मी आहे का? चिमटी म्हणाली, नाही. बघ, म्हटलं.

साखर १८१. डॉक्टरला सांगून मशीन बदलून घ्यायचं.

११ एप्रिल

उद्या. शर्ट इस्त्री केला. बूट पुसले. शिट्टी परवा गावाहून आली, पण तिला अजून काही दाखवलेलं नाही. एकदम उद्याच बघू दे, डोळे पांढरे होतील बाईचे.

माझी साडीही इस्त्री केली. कोणी विचारलं, हिला तयार कोणी केलं, तर माणूस जरा बरं दिसावं.

१२ एप्रिल, रविवार. दुपारी २

काय लिहू?

चिमटीने दहा बॉल टाकले. दहाच्या दहा एकाच जागी. ग्राउंडवरची मंडळी ओह म्हणाली. आणि शिट्टीने दहाही बाद केले.

नियम असा म्हणे, की बॉल बॅटवालीच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत कुठेही यावा, तोच स्ट्राइक, तोच धरतात. चिमटीचे सगळे त्याच्या वीतभर वर. तिथली कॅचर पोरगी उकिडवी बसलेली, प्रत्येक बॉलला बिचारी टुणकन उठायची. मी ओरडून सांगितलं, बॅटवाली उंच आणा! शिट्टीने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

मग ती चिमटीजवळ गेली. म्हणाली, असा जोर आणि असा नेम मी इथे पाहिला नाही, पण बाळा, तू ढगात का टाकतेस? खाली टाक. चिमटीने प्रयत्न केला. एक खाली गेला, तर चेहरा असा केला जशी कोणाची तरी नळी फुटली. पुढचा पुन्हा वर.

शिट्टीने विचारलं, घरी समोर झेलायला कोण असतं?

पोरीने बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, भिंत.

खोटं बोलायला तिला कोणी शिकवलं? बाकी सगळं तर मीच शिकवते.

खाटकाच्या मुलीचे दहात चार बसले. शिट्टी म्हणाली, जागा अजून कोणालाच देत नाही. पुढच्या रविवारी दोघी परत या. दहात पाच बसवले तर घेईन.

१२ एप्रिल. संध्याकाळी ६

शिंपी टेप घेऊन खाली आला. मी नको म्हणत असताना मला स्टुलावर बसवून जमिनीपासून ग्लोव्हपर्यंत मोजलं. पंचेचाळीस इंच. मग चिमटीच्या छातीपर्यंत मोजलं. एकोणचाळीस. टेप परत गळ्यात घातली आणि जिन्याने वर गेला. मेला बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याची टेप ताणली गेलेली आहे.

चिमटीला विचारलं, तुला माहीत होतं ना गं, बॉल खाली पाहिजे म्हणून? म्हणाली, हो. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुला लागलं असतं. आणि तू रोज म्हणायचीस, वा.

म्हणजे चूक तिचीच. मोठ्यांना वेळेवर सांगायला नको?

रात्रीचं दूध दिलं नाही. तिने मागितलंही नाही.

१३ एप्रिल

मला काढलं.

सून म्हणाली, आई, आठवडाभर मी शिफ्ट बदलून घेतलीय, मी बसते. उकिडवी बसली आणि हात न टेकता उठली. मुद्दाम माझ्यासमोर उठली. ती ड्युटीवर असली की शिंपी बसणार. शिंप्याने झेल घ्यायचा आणि मी बघायचं, हे दिवस आले.

१५ एप्रिल

पायरीवर बसून सूचना दिल्या. चिमटी म्हणाली, आजी, तू आत बस. चांगल्या आवाजात म्हणाली, म्हणून जास्त झोंबलं.

तीसपैकी नऊ खाली. बाकीचे अजून तिथेच, जिथे मी नाही.

१७ एप्रिल

डॉक्टरकडे गेले. त्याने वही चाळली. केळ्यापाशी थांबला. साखर त्याच्या मशीनवर २०९. म्हणजे दोन्ही मशीन जुनी.

तीसपैकी एकोणीस, शिंपी खिडकीतून ओरडून सांगत होता. मी विचारलं नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

जाणार नव्हते. पण घरात एकटी बसून काय करणार? सुनेला कबूल केलं, तोंड उघडणार नाही. उघडलं नाही. कॅचरच्या मागे जाळी, जाळीमागे बाक, तिथे मधोमध बसले. ताठ.

आधी खाटकाची मुलगी. पुन्हा चारच.

चिमटी आली. पहिला बॉल वर. दुसरा वर. तिसरा इतका वर की जाळी नसती तर मी सवयीने झेलला असता. शिट्टीने शिट्टी वाजवली, चिमटीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या नजरेच्या रेषेत बघितलं. रेषा माझ्यापाशी संपत होती.

जाळीपाशी आली. म्हणाली, आजी, जरा बाजूला बसता का? सरकले. चिमटीने सरावाचा एक बॉल टाकला, तो माझ्या बाजूला गेला. शिट्टीने डोक्याला हात लावला. सून खाली मान घालून हसत होती, मी बघितलं. शिट्टी म्हणाली, आजी, राग मानू नका, पण तिला तुम्ही अजिबात दिसणार नाही असं कुठेतरी जाता?

उठले. साऱ्या ग्राउंडसमोर चालत गेले. पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले.

तिथून काही दिसत नाही. नुसतं ऐकू येतं. सात बॉल उरले होते, त्यातले पाच पाहिजेत. थाप, आणि शिट्टीचा आवाज, स्ट्राइक. थाप, स्ट्राइक. पुन्हा थाप, स्ट्राइक. मी बोटं मोजत होते. चौथ्याला नुसती थाप आली आणि पुढे काही नाही, तेव्हा मी टाकीला असं धरलं की हाताला गंज लागला. मग पुन्हा स्ट्राइक. स्ट्राइक. इथे पाच झाले. स्ट्राइक. सहा.

मग सगळ्यांचा आरडाओरडा. मी वाट बघितली. बोलावलंय कुठे मला? थोड्या वेळाने आरडाओरडाही थांबला. आणखी थोड्या वेळाने माळी पाइप घेऊन आला आणि म्हणाला, आजी, सगळे गेले की.

बसस्टॉपपर्यंत गेल्यावर सुनेच्या लक्षात आलं म्हणे. चिमटी धावत परत आली. झाली निवड, म्हणाली. म्हटलं, ऐकलं. म्हणाली, तू इथेच उभी होतीस एवढा वेळ? म्हटलं, मग कुठे जाणार? तिने माझा गंजका हात धरला आणि बसस्टॉपपर्यंत सोडला नाही. पकड घट्ट आहे पोरीची.

स्टॉपवर शिट्टीही होती. पहिली मॅच तीन मेला. मला म्हणाली, आजी, नक्की या हं. मी पदर सावरला, म्हटलं, येईन की. म्हणाली, त्या टाकीमागची जागा तुमची, मी माळ्याला तिथे खुर्ची ठेवायला सांगितलीय. सावली पण असते.