हातमोजे काढ

प्रिय धाकटे,

हातमोजे घातल्याशिवाय तू नातीला हात लावत नाहीस, असं तुझ्या सुनेनं कळवलं, म्हणून लिहिणं भाग पडलं.

तुझा सोरायसिस कोणाला लागत नाही. तुझी भाची इथे त्यावरच काम करते. काल तिनं मला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू असतात. या आजारात ते फार वाढतात आणि गवतातून जाताना पदराला कुसळं चिकटावीत, तशा वाहत्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात. मग त्या त्वचेत शिरतात आणि चट्टे उठतात. सगळा कारभार आतल्या आत!

मी विचारलं, "मग हातमोज्यांचं काय?"

"मावशीला म्हणावं, भांडी घासताना घाल!"

मी इतक्या मोठ्यानं हसले की तिचे साहेब बघायला आले.

झोप लागते ना? खाज वाढली तर लपवू नकोस, डॉक्टरांना दाखव. पोर कोणावर गेली आहे?

तुझी ताई

ता. क. तुझ्या विहीणबाई इथून निघाल्या, त्यांच्या हाती दिलं: मलमाच्या दोन ट्यूब आणि मी शिवलेलं एक झबलं. झबल्याला मुद्दाम बारीक नाड्या लावल्या आहेत. हातमोजे घालून त्या बांधता येत नाहीत.