नूरबीची बकरी आणि आबांची तहान

धुळे, मिशन शाळेचे आवार
गुरुवार, ता. १६ एप्रिल १९३१

ती. अक्कास मोतीलालचा मनापासून नमस्कार.

पत्राला उशीर झाला, क्षमा कर. वर्ष होत आले. आधी मी लिहिले होते की शाळेच्या कामामुळे सवड झाली नाही. ते खरे नव्हते, म्हणून कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिले की प्रकृती ठीक नव्हती. मध्यंतरी पोट बिघडले होते हे खरे, पण तेवढ्याशा पोटावर वर्षभराचे मौन लादणे बरे नव्हे, म्हणून तोही फाडला. तुझी भावजय शेवंता म्हणाली, "कागद काय फुकट येतो? सरळ लिहा की धीर झाला नाही." तर तसे समज.

दाजींना नमस्कार. दाजी, हे पत्र अक्काला तुम्हीच वाचून दाखवणार. तुमची सवय मला ठाऊक आहे. कंटाळा आला की चार ओळी गाळायच्या आणि त्या जागी स्वतःच्या दोन घालायच्या. मागे मी न लिहिलेली शेवेची फर्माईश अक्काने पुरी केली आणि धुळ्याला डबा आला, तो वाटेत निम्मा झालेला होता. या वेळी कृपा करून जे आहे तेच वाचा. काही ठिकाणी जड आहे, पण गाळू नका.

इकडची खुशाली बरी. ऊन असे आहे की दुपारी पांझरा नदीच्या वाळूत कुत्रेदेखील पाय ठेवत नाही. शाळेच्या परीक्षा संपल्या. शेजारची नूरबी तुझी आठवण काढते. तिची बकरी अजून जिवंत आहे व स्वभावाने होती तशीच आहे. बकरीचे पुढे येईल.

शेवंताने आवारातल्या निंबाला दोर टांगून झोका बांधला आहे. तो कोणासाठी, हे तिने सांगितले नाही. आखाजी आली आहे, अक्षय्य तृतीयेला गावोगाव झोके बांधतात, पण आपल्या घरात लहान मूल नाही, आणि ती स्वतः झोक्याला भिते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडील, म्हणजे पंचासारखे, पितांबरराव झोक्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "मास्तर, ही मूर्तिपूजेची सुरुवात तर नव्हे?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. खरोखर विचार केला. रोजनिशीत दोन्ही बाजू लिहिल्या. शेवटी ठरले की दोर आणि फळी यांत दोष नाही. तोवर पितांबरराव स्वतः त्यावर बसून गेले होते.

अक्का, मी आडवळणाने चाललो आहे हे तुला कळले असेलच.

गेल्या आखाजीला तू आलीस. आबा गेल्यानंतरची ती पहिली आखाजी. गेलेल्या बापाच्या नावाने पाण्याची घागर भरणे लेकाचे काम, म्हणून तू म्हणालीस, "मोत्या, आबानी घागर भर." मी तुला ओट्यावर बसवून समजावू लागलो. मेलेल्यांना पाणी पोचत नाही, सत्य एकच आहे, मार्ग एकच आहे, वगैरे. मी फार चांगले बोललो असे तेव्हा मला वाटले. तू शेवटपर्यंत ऐकलेस. मग स्वतःच्या घरून आणलेला तांब्या उचललास आणि म्हणालीस, "बठ्ठं समजनं मले. एकच सांग. तुना देव आबाले पानी देई का नही?"

मी म्हणालो, शास्त्र पाहून सांगतो. तू टांग्यात बसलीस आणि मागे पाहिले नाहीस.

तेव्हापासून मी शास्त्र पाहतो आहे. 'नाही' लिहावे तर हात चालत नाही. 'हो' लिहावे तर कोणी मला तसे सांगितलेले नाही, आणि जे मला माहीत नाही ते तुझ्या समाधानासाठी खरे म्हणून लिहिणे हे खोटेच. उत्तर नाही म्हणून पत्र नाही, आणि पत्र नाही म्हणून तू काय समजून बसली असशील या विचाराने पुन्हा पत्र नाही. असे वर्ष गेले.

आता गेल्या रविवारचे सांगतो. पाद्रीसाहेबांचा घसा बसला होता, म्हणून उपदेश माझ्याकडे आला. शनिवारी पितांबरराव घरी येऊन म्हणाले, "मास्तर, उद्या जरा कडक होऊ द्या. साहेब आठवड्यामागून आठवडा इतकं प्रेम सांगतात की मंडळी झोपते. न्यायाचा दिवस सांगा. घाम फुटला पाहिजे."

मी म्हणालो, घाम तसाही फुटतो आहे.

पण विषय मी तोच घेतला. माझाही स्वार्थ होता. म्हटले, उभे राहून बोललो तर निदान माझे मला कळेल. शास्त्रात एका श्रीमंताची गोष्ट आहे. जन्मभर त्याने दारातल्या भिकाऱ्याकडे पाहिले नाही. मेल्यावर तो ज्वालांत पडला आणि वर पाहून म्हणू लागला की, बापा, बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझ्या जिभेला लाव. मी ठरवले की त्याची तहान पूर्ण खरी सांगायची. जीभ टाळूला कशी चिकटते, ओठ कसे फुटतात, दुरून पाण्याचा आवाज कसा ऐकू येतो, सगळे.

बाहेर वैशाखासारखे ऊन. आत पत्र्याचे छप्पर. मागच्या भिंतीशी लाल रांजण, त्यावर पाणी काढायचे ओगराळे.

आधी एक म्हातारी उठली आणि मागे गेली. ओगराळ्याचा आवाज झाला. मग गाणी म्हणणाऱ्यांतले दोघे उठले. मला वाटले, शब्द काळजाला भिडले, पश्चात्तापाने उठताहेत. मी आणखी जोर केला. त्यासरशी बायकांची अख्खी रांग उठली. पितांबरराव डोळे मिटून मान डोलवत होते. तेही उठले, आणि रांजणापाशी वडीलपणाच्या मानाने पुढे घुसले. शेवटी खुद्द साहेब! उकळून गाळलेल्या पाण्याशिवाय थेंब न घेणारा तो माणूस, बाटली घरी विसरला होता. त्याने त्याच ओगराळ्याने, मंडळीच्या मागोमाग, घटाघटा पाणी घेतले. समोर उरली एकटी शेवंता. तिने नंतर सांगितले की तिचा पाय झोपला होता.

"बापा, एक थेंब," असे मी म्हणालो आणि अडकलो. दाजी, येथून सावकाश वाचा. मला वाटले, गोष्ट उलटी झाली आहे. तेथे लेक बापाकडे पाणी मागतो. माझ्या डोळ्यांपुढे बाप उभा राहिला, आणि तो लेकाच्या दारात मागत होता. मी आमेन म्हणून खाली बसलो. उपदेश अर्धाच राहिला.

घरी येताना तुझी भावजय म्हणाली, "इतकी वर्षं बोलताय, पण तुमच्या बोलण्यावर मंडळी उठली ती आजच."

पितांबररावांनी फाटकाशी गाठले. ओठांवरचे पाणी पुसत म्हणाले, "छान झालं. पण शेवट लागला नाही. एक विचारू? तुमचे वडील बाप्तिस्मा न घेता गेले ना?"

"हो."

"मग?"

शेवंता म्हणाली, "पितांबरभाऊ, न्यायाच्या दिवशी खुर्चीवर तुम्हीच बसणार आहात का? तसं असेल तर आधी सांगा. मी वांगी भाजून आणीन, तुम्हाला भरीत आवडतं."

ते हसले. मलाही हसू आले, पण प्रश्न तेथेच राहिला. संध्याकाळी मी साहेबांकडे गेलो आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते बसलेल्या घशाने म्हणाले, "मास्तर, मला ठाऊक नाही." खरे सांगतो, मला राग आला. सात समुद्र ओलांडून सांगायला यायचे, आणि ऐन वेळी ठाऊक नाही! मी टोपी घेऊन निघालो. तेव्हा ते माझ्यामागे दारापर्यंत आले आणि कुजबुजले, "निकाल मला ठाऊक नाही. जो निकाल देणार त्याला मी ओळखतो. क्रुसावर मरताना त्यालाही तहान लागली होती, आणि त्याने ती बोलून दाखवली होती."

हे मी शेकडो वेळा वाचले आहे, अक्का. वर्गात शिकवले आहे. पण ज्याच्यापुढे आबा उभे राहणार, त्याला तहान म्हणजे काय हे माझ्या उपदेशाहून अधिक माहीत आहे, असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

आता बकरीचे. दाजी, अक्काला बसू द्या.

मी बाप्तिस्मा घेतल्यापासून आबांनी माझ्या घरचे पाणी घेतले नाही, हे तुला माहीत आहे. बाजाराला येत, ओट्यावर बसत, शेवंताची विचारपूस करत. पण तहान लागली की स्वतःचा दोरीचा तांब्या. जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात ते बैलबाजारासाठी आले होते. तांब्या ओट्याच्या कडेला ठेवून डोळे मिटून बसले. नूरबीची बकरी आली, तिने तांब्या लवंडला, आणि सांडलेले पाणी शांतपणे चाटले.

नूरबी धावत आली. "हाय अल्ला! चाचा, हमारे घर का पी लो, क्या बिगडता?"

आबांनी तिच्या घराकडे पाहिले, मग माझ्या घराकडे. दोन्ही घरे त्यांच्या हिशेबाने सारखीच. मधोमध बकरी. मी आत दारामागे उभा होतो. बाहेर येणार होतो, पण वाटले, मी दिसलो तर ते पिणार नाहीत. म्हणून श्वास धरून तसाच राहिलो.

आबा बकरीला म्हणाले, "तुले बरं शे, माय. तुले कोनी जात इचारत नही." मग आत पाहून म्हणाले, "सूनबाई, आन पानी."

शेवंताने तांब्या भरून दिला. वरून धार धरतील असे मला वाटले होते. त्यांनी तांब्या ओठाला लावला. संपवला, पुन्हा मागितला, तोही संपवला. मिशा पुसल्या. म्हणाले, "पानी गोड शे." आणि मग, तुझे नाव घेऊन, "बेबीले सांगू नको."

ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. शेवंताने वचन पाळले आणि पाळणार आहे, ती म्हणते, "तुम्ही सांगा, मी नाही." मी वचन दिलेले नव्हते, मी दारामागे होतो. तरी ही पळवाट आहे की काय, याचा विचार चालू आहे.

त्या दिवशी मी रोजनिशीत लिहिले होते: हे काम कृपेचे की बकरीचे? पुढे कोरे आहे. आबा त्यामुळे ख्रिस्ती झाले असे मी म्हणत नाही. तहान लागली म्हणून प्याले. पण रविवारी, उपदेश अडकला तेव्हा, मला एक कळले. जन्मभर ज्या दारात न मागण्याचा आबांचा हट्ट होता, त्या दारात त्यांनी शेवटी हात पुढे केला. लेकाच्या दारात मागताना ज्याचा ताठा गळला, तो त्या मोठ्या दारात ओठ मिटून उभा राहील असे मला वाटत नाही. आणि तारण म्हणतात ते, मला जेवढे कळले आहे तेवढ्यावरून, मागण्यातच आहे. मिळवून ते कोणाला मिळालेले नाही. मलाही नाही, पितांबररावांना तर नाहीच.

तर तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर: आबा कोठे आहेत हे मला माहीत नाही. देव त्यांना पाणी देईल का, हे ठरवणारा मी नाही; वर्षभर उगाच त्या खुर्चीत बसून होतो आणि खुर्ची फार टोचत होती. पण आबांनी मागितले असेल, तर ज्याच्याकडे मागितले तो नाही म्हणणारा नाही. एवढ्यावर मी माझा जीव टाकला आहे. आबांचाही टाकतो.

अक्का, रडू नको. आबांना तीच भीती होती.

आखाजीला ये. झोका तुझ्यासाठीच आहे, हे शेवंताने आता कबूल केले. तुझा तांब्या आण, मी काही बोलणार नाही. बकरीला मात्र बांधून ठेवायला नूरबी तयार नाही. म्हणते, "उसका क्या कसूर?"

घागर मी आबांपुढे मांडणार नाही. ते माझ्याने होणार नाही, आणि तुला बरे वाटावे म्हणून केले तर ते खोटे होईल. पण घरात एक नवी, कोणाचा हात न लागलेली घागर असेल. तू ती विहिरीवर भर. भरून काय करायचे ते तुझे तू ठरव, मी विचारणार नाही. न विचारणे हा एक प्रकारचा लबाडपणा आहे का, यावर मी आज दुपारभर विचार केला. शेवंता म्हणाली, "विचार पुरे, पत्र टाका. टपाल निघून जाईल."

ओठाला लावून पाणी पिणाऱ्या बापाचा लेक, आणि तुझा भाऊ,
मोत्या

ता. क. रोजनिशीच्या पानाखाली दुसऱ्या दिवसाचे काम लिहायची सवय आहे, ती येथेही सुटत नाही.
उद्या: कुंभाराकडून घागर आणणे.