हीटरच्या नळीतला बोळा

मालोजीदादा,

वकीलसाहेबांनी मला ड्रायवरच्या कामावरून काढलं. चावी परत देण्याआधी मी गाडीचा हीटर खोलून बघितला. इंजिन तापलं होतं, पण हीटरला गरम पाणी नेणारी रबरी नळी गारच. नळी फाटलेली, आत चिंधीचा बोळा. गाडीची दुरुस्ती तुझ्याकडंच असते; गळती थांबवायला तो तूच कोंबलास, आणि साहेबांना सांगितलंस, "हिरामणनं बिघडवला." त्यांची बाळंतीण लेक खंडाळ्याच्या घाटात गारठली, ते माझ्या नावावर आलं.

नवी नळी बसवली. आता गरम वारा येतो. साहेबांनी विचारलं, "बोळा कुणी घातला?" वयनीचा विचार करून मी गप राहिलो.

खोपोलीला लॉरीवर कामाला जातोय. तुझं नाव मी घेतलं नाय. आता कधी घेणार पण नाय.

हिरामण