संत्र्याच्या झाडापर्यंत

५ जानेवारी २०२५, रविवार

राळेगावचा एसटी स्टँड, १९८४. हे कंट्रोलरच्या खोलीत, मी डबा घेऊन समोर बसलेली. यवतमाळ गाडीची घोषणा झाली, माईक चालूच राहिला, आणि पहिला घास घेत हे म्हणाले, "रत्ने, भाजीत मीठ टाकाले विसरली!" सगळा स्टँड हसला. मी ओरडले, "अहो, बटण!" — तेही गेलं स्टँडभर.

आज त्याच माणसाला दारातून तीनदा हाक मारावी लागते.

सतरा तारखेला नागपुरात माझं ऑपरेशन. नंतर दीड महिना तिथेच लेकीकडे, मितालीकडे. ह्यांना "पित्ताचे खडे" एवढंच सांगितलंय. कॅन्सर आहे, हे फक्त मला आणि लेकीला माहीत. हे इथेच, बाभुळगावला राहणार. मग इतके दिवस माझं बोलणं ह्यांना ऐकू कसं जाणार? मोबाईलवर ओठ नीट दिसत नाहीत. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर दिसतात. ह्यांची नवी कानातली यंत्रं ब्लूटूथने त्याला जोडता येतात म्हणे. तेवढं जमवूनच जायचं.

६ जानेवारी

जमलं नाही. यंत्रांचं नाव दिसतं, जोडलं जातं, मिनिटात तुटतं! कॉम्प्युटर जुना, मितालीने त्यावर लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकून दिली म्हणून अजून चालतो. हे म्हणतात, "तुह्या त्या लिनक्सले सांग, घरात एक बहिरा पुरे हाय!"

८ जानेवारी

कॉन्व्हेंटात सिस्टर बिआट्रिस म्हणायच्या, हात वर करण्याआधी वाक्य शेवटपर्यंत वाचा. आज पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कॉम्प्युटर जे जे लिहीत होता, ते ओळ न ओळ वाचलं. इंग्रजीच तर आहे, घाबरायचं काय! अपडेट टाकले, ब्लूटूथ बंद करून पुन्हा सुरू केलं. आता दोन मिनिटांनी तुटतं. प्रगती!

९ जानेवारी

सापडलं! एका फोरमवर कुणा भल्या माणसाने लिहिलंय — ब्लूटूथचं डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची ती पेरभर डबी, हार्डडिस्कला खेटून लावू नका, तिच्या गोंगाटात त्याला काही कळत नाही. आमचं बिचारं नेमकं तिथेच, भिंतीकडे तोंड करून, लोखंडी टेबलाखाली. एक मीटरची यूएसबी वायर जोडली आणि त्याला मागच्या खिडकीत आणून ठेवलं. तासभर तुटलं नाही. यंत्रं "विश्वासू" म्हणून नोंदवली. आता कानात घातली की आपली आपण जोडली जातात.

ह्यांना जुनी गाणी लावून दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज कमी कर ना जरा."

आवाज कमी कर! किती वर्षांनी ऐकलं हे. स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

११ जानेवारी

मितालीने कॉम्प्युटरवर फोन लावला. चित्र स्वच्छ, आवाज शून्य. ती मिनिटभर बोलतच होती, रागावल्यासारखी. मी खुणेने सांगितलं, मोबाईलवर लाव. मग मोबाईलवर पुन्हा तेच सगळं — "आई, बाबांना सांगितलंस का? कॅन्सर काय लपवायची गोष्ट आहे?" मी म्हटलं, परत आल्यावर सांगेन. बरं झालं, हे तेव्हा मागे संत्र्याच्या झाडाला पाणी देत होते.

स्पीकर बिघडला वाटतं. उद्या बघेन.

जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं, हे मला माझ्या घासाला कळलं. ह्यांनी मुकाट्याने संपवली.

१२ जानेवारी

स्पीकर बिघडला नव्हता.

सकाळी चहा ठेवताना हे मागे येऊन उभे राहिले. "काल मिताली माह्या कानात बोलून राह्यली होती. तिकडं झाडापाशी. एकेक अक्षर साफ." मला वळून बघता येईना. चहा उतू गेला. "काहून नाही सांगतलं मले?" मी गॅस बंद केला. मग हे हळू आवाजात — ह्यांना हळू बोलता येतं हे मी विसरलेच होते — "रत्ने, बटण चालू होतं."

दुपारी पाहिलं तर पलंगावर दोन बॅगा. एक माझी.

१३ जानेवारी

घराची किल्ली शेजारच्या हंसाबाईंना. संत्री पिकतील तशी निम्मी त्यांना, निम्मी स्टँडवर ह्यांच्या जुन्या दोस्तांना. तिळाच्या लाडवांचा डबा मितालीला. डोंगल आणि वायर ह्यांच्या बॅगेत, वरच — दवाखान्यातून मी बोलेन तेव्हा मितालीच्या कॉम्प्युटरला लागेल.

ही वही ह्यांना. नंतर कधी नाही. आजच, जेवण झाल्यावर.