आरोही शाळेत पोचली

१६ जून, सोमवार

आरोही नाशकात आहे!

अक्षर वाकडं येतंय. सकाळी भाकरी थापत होते तेव्हा फोन वाजला. रिचार्जवाल्यांचा मेसेज असेल म्हणून पडू दिला. भाकऱ्या उरकल्यावर बघितलं तर मराठीतच — 'आपली पाल्य आरोही राज आहेर हिने स्मार्ट कार्डद्वारे शाळेत प्रवेश केला आहे.' खाली शाळेचं नाव, नाशिक रोड, आणि ऑफिसचा नंबर. तीनदा वाचलं. मग पाटावर बसून घेतलं.

होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी शुभांगीला आणि नातीला जीपमध्ये बसवून दिलं. सुनेच्या कपाळावर टाके ओले होते. राजनं मारलेलं. माझ्या पोटचा मुलगा. लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे. मी म्हटलं, 'कुठं जातेस ते मला सांगू नको. तो मला खोदून खोदून विचारणार. माहीतच नसलं तर तोंडातून निघणार नाही.' ती पाया पडली आणि गेली. राजनं तिचं माहेर पालथं घातलं, पाहुणेरावळे झाले. कुठंच नाही. मी देवाला विचारायचे — जेवली असेल का पोर?

आणि आज हे. इथं देवळा गावात, माझ्या स्वयंपाकघरात!

१६ जून, दुपारी

दुसरा मेसेज. 'शाळेतून बाहेर पडली आहे.' म्हणजे सुटतानाही कळवतात! कुणी शोधून काढलं असेल हे?

१८ जून, बुधवार

शेजारच्या अंबूबाईला गोलगोल विचारलं. तिच्या लेकीची मुलं मालेगावला मोठ्या शाळेत आहेत. ती म्हणाली, 'गळामा कार्ड ऱ्हास. दाराजोडे नेवं का टिंग वाजस. नि लगेच मायना फोनवर मेसेज!' म्हणजे गळ्यातलं कार्ड कुठं खुपसायचं नाही, दाबायचं नाही. नुसतं जवळ धरलं की झालं.

पूर्ण नोकरी अंगणवाडीत गेली माझी. रोज सकाळी हजेरी. एखादं पोर आलं नाही की मदतनीस घरोघर जायची, विचारून यायची, तोवर जिवाला घोर. इथं टिंग वाजतं आणि आईचा जीव भांड्यात पडतो. बाई गं!

पण आईच्या फोनवर जायला हवा तो माझ्याकडे कसा येतोय? माझा नंबर चुकून पडला असेल. चूक असेल तर चूक असू दे. कुणी दुरुस्त करू नये.

२१ जून, शनिवार

माझं सगळं वेळापत्रक आता त्या शाळेवर. मेसेज येईपर्यंत चहा नाही. आला की मी मोठ्यानं म्हणते, 'गेलीस का? बरं, लक्ष दे अभ्यासात.' आज अंबूबाईनं ऐकलं. 'मोबाइलमा कोणाशी बोली राह्यनी?' म्हटलं, 'देवाशी.'

वाचला की लगेच पुसून टाकते. राज फोन कधी उचलेल सांगता येत नाही. साधा बटणांचा फोन, त्याला ना कुलूप ना काही. पुसताना बोट नको म्हणतं.

२ जुलै, बुधवार

काल नाही. आज नाही.

३ जुलै, गुरुवार

आजही नाही. ताप आला असेल का? लहानपणी तिला पावसाळ्यात घसा धरायचा. ऑफिसचा नंबर कागदावर लिहून ठेवलाय, लावावासा वाटतो. लावून काय सांगू? मी कोण म्हणून सांगू?

राज आज प्यायला नव्हता. जेवताना म्हणाला, 'आई, भाजी लय भारी झालीय.' असा असला की वाटतं, हाच खरा. आणि मग सुनेचं कपाळ आठवतं.

४ जुलै, शुक्रवार

आली! 'शाळेत प्रवेश केला आहे.' साखर खाल्ली.

११ जुलै, शुक्रवार

शुभांगीचा विचार करते. बारावी झालेली पोर, घराबाहेर एकटी बाजारालाही गेली नव्हती. तिनं अनोळखी शहरात खोली बघितली असेल, काम शोधलं असेल, पोरीचा दाखला मिळवून कार्डवाल्या शाळेत घातलं. कशी केली असेल एवढी हिंमत? मला तिच्या वयात जमलं नसतं. आज या वयातही जमायचं नाही.

१७ जुलै, गुरुवार

झालं. व्हायचं ते झालं.

राजच्या फोनचा बॅलन्स संपला होता. माझा घेऊन ओट्यावर बोलत उभा होता. शाळा सुटायची वेळ. मला आठवलं आणि मी पिठाच्या हातानं धावले — तोवर फोन त्याच्या हातातच वाजला. त्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं. ओरडला नाही, तेच वाईट.

'नाशिक रोड,' म्हणाला. 'तुला माहीत होतं.'

मी पिठाचे हात पदराला पुसले.

'उद्या जाऊन पोरीला घेऊन येतो. पोरगी आली की ती येईल मागं मागं.'

१८ जुलै, शुक्रवार. बसमध्ये

राज सकाळीच मोटारसायकल काढून गेला. मी आतून कडी लावली आणि शाळेचा नंबर फिरवला. कुणी उचलेना. परत फिरवला. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनीच उचलला. साधना मॅडम म्हणतात त्यांना. मी एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, घरच्या भांडणात आम्हाला ओढू नका.

त्या म्हणाल्या, 'आजी, आधी श्वास घ्या. आरोही वर्गात आहे. आत्ताच माझ्यासमोर तिचं कार्ड वाजलं.'

'तो तिचा बाप आहे हो, बाई. तुम्ही अडवणार कसं?'

'तिच्या आईनं कोर्टातून आदेश आणलाय. वडिलांनी मुलीच्या जवळ यायचं नाही असा. नोटीस अजून तुमच्याकडे पोचायचीय. तो आमच्याकडे आहे. आणि मुलाला न्यायला येणाऱ्यालाही आम्ही कार्ड देतो, फोटोसकट. ते नसलं तर मूल गेटबाहेर जात नाही. मी पोलिसांनाही कळवते.'

कोर्ट! शुभांगी कोर्टात उभी राहिली! आणि मला वाटत होतं तिनं नुसती खोली शोधली.

भावडबारीचा घाट आला. अक्षर हलतंय. फोन ठेवला आणि नाशिकची बस धरली. तिथं जाऊन मी काय करणार माहीत नाही. घरी बसवत नव्हतं एवढं खरं.

१९ जुलै, शनिवार

आता निवांत लिहिते. कालचं.

नाशकात द्वारका चौकात उतरले, शेअर रिक्षानं नाशिक रोड. शाळा विचारत विचारत पोचले तर सुटायची वेळ झालेली. गेटवर आयाबायांची ही गर्दी. प्रत्येकीच्या हातात कार्ड. गेटच्या खांबावरच्या डबीजवळ ते धरायचं, आतल्या बाईला पडद्यावर मूल दिसायचं, ती नाव पुकारायची आणि ते पोर पळत बाहेर. कुठं ढकलाढकली नाही. बघत राहावं असं.

आणि मधोमध राज. डोळे लाल. कुठंतरी बसून पिऊन आला होता.

'मी बाप हाय तिचा! बापाला काय कार्ड लागतं का?'

गेटच्या आत एक बुटक्या, चष्मा लावलेल्या बाई उभ्या होत्या. फोनवरचा तोच आवाज.

'लागतं,' म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढवला नाही की मागं सरकल्या नाहीत. राजनं गेटला लाथ घातली. आजूबाजूच्या बायांनी आपापली पोरं जवळ ओढली. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि राजला मी दिसले. त्याचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला.

'आई! आई, तू सांग यांना. तू सांग मी कोण हाय ते!'

हवालदारानं विचारलं, 'तुम्ही याच्या आई?'

'हो,' म्हटलं. 'सांगते.'

आणि सांगितलं. सुनेला टाके कशानं पडले, कुणासमोर पडले, तेव्हा पोर कुठं लपली होती. रस्त्यावर, सगळ्यांदेखत. माझाच आवाज मला परका वाटत होता. राज बघत राहिला. मग खाली बसला. त्याला गाडीत बसवून नेलं. मी पदर तोंडाला लावला, पण बोललेलं मागं घेतलं नाही.

मॅडमनी मला आत नेलं, पाणी दिलं. शुभांगी गणवेश शिवायच्या कारखान्यातून धावत आली होती. अंगावर निळे दोरे तसेच. गळ्यात पडली. मी म्हटलं, 'माझ्यामुळं झालं गं. तुझ्या शाळेवाल्यांनी चुकून माझा नंबर टाकला.'

'चुकून नाही, आई. मीच दिला.'

'तू? का गं?' म्हटलं.

'तुम्ही म्हणालात, कुठं जाते सांगू नको. नाही सांगितलं. पण पोर नीट आहे एवढं तरी तुम्हाला रोज कळावं असं वाटलं. मेसेज पहिल्याच नंबरवर जातो, त्यात शाळेचं नाव येईल हे मला ठाऊक नव्हतं.'

स्वतःचा नंबर दुसरा आणि माझा पहिला! ज्या घरातून जीव मुठीत धरून पळाली, त्या घरातल्या म्हातारीला झोप लागावी म्हणून. काय बोलावं अशा पोरीला?

आरोही उंच झालीय. पुढचे दोन दात नवे. मला कार्ड दाखवत होती — 'आजी, असं लांबूनच. लावायचं पण नाही!' मी हात लावला तर हातभर लांब धरलं. 'वाकवू नको, आत तार असते.'

मग मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, 'आजी, एक अवघड बोलायचंय. तुमचा फोन त्याच्या हाताला लागतो.'

मला कळलं. म्हटलं, 'काढून टाका नंबर. आत्ताच काढा.'

त्यांनी माझ्यासमोर काढला.

शुभांगी म्हणाली, 'आई, राहा ना इथंच.' म्हटलं, 'राजला कोण बघणार?' रात्र तिच्या खोलीवर काढली, आज दुपारच्या बसनं परत आले.

२१ जुलै, सोमवार

चहा केला. कशाची वाट न बघता प्यायले. गोड लागला नाही.

२३ जुलै, बुधवार

राज सुटून आला. पुन्हा तिकडं जाणार नाही असं लिहून घेतलंय म्हणे. माझ्याशी बोलत नाही.

२६ जुलै, शनिवार

आज बोलला. 'तू आई नाहीस. तू त्यांचीच.' भांडी फेकली. एक माझ्या खांद्याला लागलं. अंबूबाई धावत आली, तिच्याशी खोटं बोलले — म्हटलं, फळीवरनं पडलं.

मग आरशात बघितलं. हे खोटं मी आधी ऐकलंय. शुभांगी हेच सांगायची, याच आवाजात.

२८ जुलै, सोमवार

राज ओट्यावर बसला होता. त्याच्यासमोरूनच पिशवी घेऊन निघाले. 'कुठं चाललीस?' म्हणाला. सांगितलं, 'नातीकडं. राहायला.' आणि चपला घातल्या.